छोट्या-मध्यम धंद्यांची सामाजिक जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकसनशील देशांतल्या छोट्या आणि मध्यम उद्योगांचे मालक, त्यांचे मॅनेजर, कधी कधी त्यांच्याकडे काम करणारी माणसंसुद्धा जे प्रश्न फिरून फिरून विचारतात ते इथे एकत्र केलेत. उत्तरं कुठे लांबलीत, कुठे दोन ओळीत संपलीत, प्रश्नच तसे आहेत.

सामाजिक जबाबदारी म्हणजे दानधर्मच ना? वह्यावाटप, झाडं लावणं वगैरे?

नाही. म्हणजे ते करायला कुणाची ना नाही, पण ते सगळ्यात शेवटी येतं. मूळ मुद्दा असा की पैसा कमावल्यावर तुम्ही तो कुठे वाटता यापेक्षा तो कमावताना काय काय करता. पगार ठरल्या तारखेला होतो का, ओव्हरटाइमचे पैसे पूर्ण मिळतात का, मशीनच्या पट्ट्याला गार्ड आहे का, रंगाचं पाणी कुठे सोडता, गिऱ्हाइकाला वजन बरोबर देता का, तुमच्याहून छोट्या सप्लायरचं बिल किती महिने अडवून ठेवता. हे सगळं नीट असेल आणि वह्या वाटल्या नाहीत तरी तो धंदा जबाबदार. उलटं असेल, म्हणजे कामगारांचे दोन पगार थकलेत आणि मालक शाळेत प्रमुख पाहुणा म्हणून हार घालून बसलाय, तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पण हे तर मोठ्या कंपन्यांचं काम. आमच्या पंचवीस माणसांच्या युनिटने काय फरक पडणार?

एका युनिटने नाही पडत, मान्य. पण जागतिक बँकेचा आकडा बघा, जगातले सुमारे ९० टक्के धंदे छोटे किंवा मध्यम आहेत आणि निम्म्याहून जास्त रोजगार तिथे आहे. आणि हे झालं नोंदणी वगैरे असलेल्यांचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, म्हणजे आयएलओने, २०१८ मध्ये सांगितलं होतं की जगात सुमारे २०० कोटी माणसं, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून थोडी जास्तच, अनौपचारिक क्षेत्रात काम करतात, म्हणजे ज्यांना नेमणूकपत्र नाही, विमा नाही, पेन्शन नाही. मोठ्या कंपनीचा चकचकीत रिपोर्ट वाचून ही माणसं कशी जगतात ते कळत नाही, कारण ती त्या कंपनीत नाहीतच, ती तुमच्याकडे आहेत.

मग तो दोन टक्क्यांचा सीएसआर कायदा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, आम्हाला लागू होतो का?

भारतातला म्हणत असाल तर बहुतेक छोट्या धंद्यांना नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, जे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं, ते अशा कंपन्यांसाठी आहे ज्यांची नेट वर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, ५०० कोटी रुपये किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे. यातलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. मध्यम आकाराची चांगली नफ्यातली कंपनी त्या ५ कोटीवाल्या अटीत अडकू शकते, तेव्हा सीएला विचारून घ्या. मॉरिशसने असाच २ टक्क्यांचा नियम २००९ मध्ये आणला, इंडोनेशियाने २००७ च्या कंपनी कायद्यात नैसर्गिक साधनसंपत्तीशी संबंधित कंपन्यांवर ही जबाबदारी टाकली.

आता यातली गंमत ऐका. भारतातल्या नियमांप्रमाणे फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, नाहीतर लोकांनी कॅन्टीनचं बिलसुद्धा सीएसआरमध्ये दाखवलं असतं. पण त्यामुळे लोकांच्या डोक्यात असं पक्कं बसलंय की जबाबदारी म्हणजे गेटच्या बाहेर जे करायचं ते. छोट्या धंद्याचं नेमकं उलटं आहे, त्याची नव्वद टक्के जबाबदारी गेटच्या आतच असते.

विकसनशील देशांत वेगळं असं काय आहे? तत्त्व तर सगळीकडे सारखंच असणार.

तत्त्व सारखं, क्रम वेगळा. अमेरिकेचे प्राध्यापक आर्ची कॅरोल यांनी १९९१ मध्ये एक पिरॅमिड मांडला, खाली आर्थिक जबाबदारी म्हणजे धंदा नफ्यात चालवणं, त्यावर कायदा पाळणं, त्यावर नीतीने वागणं आणि अगदी टोकाला दानधर्म. पुढे याच विषयाचे अभ्यासक वेन व्हिसर यांनी म्हटलं की विकसनशील देशांत पाया तोच राहतो पण दानधर्म एकदम दुसऱ्या नंबरवर येतो, कायदा आणि नीती त्याच्यावर जातात. का ते ओळखीचं वाटेल. सरकारी दवाखाना नीट नाही, शाळा नीट नाही, म्हणून आजूबाजूचे लोक धंदेवाल्याकडे बघतात, आणि कायदा मात्र कागदावर असतो, इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो किंवा येतच नाही, आला तरी कशासाठी आला ते सगळ्यांना माहीत असतं.

दुसरा फरक म्हणजे नातं. छोट्या युनिटमध्ये मालक कामगाराला नावाने ओळखतो, त्याच्या घरी आजारपण असेल तर रात्री पैसे काढून देतो, मुलीच्या लग्नाला जातो. हे खरं आहे आणि चांगलं आहे, पाश्चात्त्य पुस्तकांत याचा हिशोब नीट लागत नाही. पण याची दुसरी बाजू पण बघायला हवी. तीच उचल फिटेपर्यंत माणूस दुसरीकडे जाऊ शकत नसेल, आणि ती फिटतच नसेल कारण हिशोब एकट्या मालकाच्या वहीत आहे, तर ती मदत राहत नाही, ती वेठबिगारी होते. मालक मनाने कितीही चांगला असला तरी. माझ्या मते साधा नियम पुरेसा आहे, उचल दिली तर चिठ्ठीवर रक्कम, दर महिन्याची कपात आणि बाकी, आणि त्याची एक प्रत कामगाराच्या हातात.

आम्ही बरंच काही करतो पण त्याला सीएसआर वगैरे म्हणत नाही. चालतं का?

चालतं. बहुतेक छोटे धंदे असेच असतात, अभ्यास करणारे लोक याला मूक जबाबदारी म्हणतात. नाव नसल्याने काही अडत नाही, फक्त मोठा बायर कागद मागतो तेव्हा अडतं.

सुरुवात कुठून करायची? पैसे तर नाहीत.

दारापासून. चेष्टा नाही करत, खरंच दारापासून. तुमच्या युनिटला बाहेर पडायला किती दारं आहेत, कामाच्या वेळात त्यातली किती उघडी असतात आणि त्या दारासमोर माल रचून ठेवलाय का ते बघा. चोरी होऊ नये म्हणून मागचं दार कुलूप लावून ठेवायची सवय सगळीकडे आहे, आणि आग लागली की माणसं त्याच दारापाशी मरतात.

२४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ सावार इथे राना प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. सगळ्यांना ही बातमी साधारण माहीत असते, पण मला त्यातला आदला दिवस जास्त महत्त्वाचा वाटतो. २३ तारखेला भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावर एक बँक होती, दुकानं होती. बँकेने आपली माणसं घरी पाठवली, दुकानं बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावलं, कारण ऑर्डरची तारीख होती. तोच तडा, तीच इमारत. बँकेला एक दिवस काम बंद ठेवणं परवडलं आणि कारखानेवाल्यांना वाटलं की आपल्याला नाही परवडणार.

म्हणून सुरुवातीला लागतो तो पैसा नाही, लागते ती काम थांबवायची हिंमत. फोरमनला स्पष्ट सांगून ठेवा की धोका वाटला तर मला न विचारता मशीन बंद करायची आणि त्यासाठी तुला कोणी बोलणार नाही. त्यानंतर वायरिंग, फायर एक्स्टिंग्विशर भरलेला आहे का, केमिकलच्या ड्रमवर नाव लिहिलंय का, प्यायचं पाणी, संडास. यातल्या बऱ्याच गोष्टी एका आठवड्यात होतात.

मग पगार. तारीख ठरवा आणि ती पाळा. महिन्याला दोनशे रुपये वाढवण्यापेक्षा कधी कधी ठरल्या तारखेला पगार देणं कामगाराला जास्त उपयोगी पडतं, कारण उशीर झाला की तो व्याजाने पैसे उचलतो आणि ती वाढ सावकाराकडे जाते.

आमच्याकडे एक मुलगा येतो, वय तेरा-चौदा असेल, घरची परिस्थिती फार वाईट आहे. त्याला काढला तर तो आणखी वाईट ठिकाणी जाईल. काय करू?

हा प्रश्न विचारणारे लोक बहाणे करतायत असं काही जण म्हणतात, मला तसं वाटत नाही, बऱ्याचदा तो खरा पेच असतो. आधी नियम सांगतो. आयएलओच्या १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या करारात कामाचं किमान वय साधारण १५ आहे, विकसनशील देशांना सुरुवातीला १४ ठेवायची सूट आहे, आणि धोकादायक कामासाठी १८. १९९९ चा १८२ क्रमांकाचा करार सगळ्यात वाईट प्रकारच्या बालमजुरीबद्दल आहे आणि २०२० मध्ये आयएलओच्या सगळ्या सदस्य देशांनी तो मान्य केला, असा हा पहिलाच करार. तेव्हा मशीनवर, केमिकलमध्ये, रात्रपाळीला मूल असेल तर त्यात विचार करण्यासारखं काही नाही, आजच थांबवायचं.

पण थांबवायचं कसं, हे सियालकोटकडून शिकण्यासारखं आहे. पाकिस्तानातलं हे शहर फुटबॉल शिवण्यासाठी जगभर प्रसिद्ध. शिलाई घराघरांत चालायची आणि त्यात मुलंही असायची, १९९० च्या दशकात फोटो छापून आले आणि जगभर ओरड झाली. फेब्रुवारी १९९७ मध्ये सियालकोटचं चेंबर ऑफ कॉमर्स, आयएलओ आणि युनिसेफ यांनी अटलांटा इथे करार केला. ठरलं असं की शिलाई घरातून काढून नोंदणी केलेल्या सेंटरमध्ये आणायची म्हणजे तपासता येईल, आणि मुलांसाठी शिकण्याची सोय करायची. बॉल शिवणारी मुलं बरीच कमी झाली, ते यश आहेच. पण ज्या बायका घरी बसून, स्वयंपाक आणि पोरं सांभाळून बॉल शिवत होत्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना गावाबाहेरच्या सेंटरवर जाणं शक्य नव्हतं. त्यांची कमाई गेली. मग बायकांसाठी वेगळी, जवळची सेंटर काढावी लागली. म्हणजे मुलाला वाचवताना त्याच्या आईचा रोजगार गेला असं काही घरांत झालं आणि आधी कोणी तिला विचारलंच नव्हतं.

तर तुमच्या त्या मुलाचं असं करा. कामावरून काढा, पण त्याच दिवशी त्याच्या घरातल्या मोठ्या माणसाला त्याच्या जागी काम देता येतं का ते बघा, आई, मोठा भाऊ, कोणीही. शाळेच्या प्रवेशाचं स्वतः जाऊन बघा, फी आणि पुस्तकांचा खर्च धंद्यातून द्या, आणि वय पूर्ण झालं की नोकरी देईन असं सांगा आणि तो आला की खरंच द्या. एका मुलाचा हा खर्च बहुतेक युनिटला झेपतो. आणि पुढच्या वेळी नेमणूक करतानाच वयाचा कागद बघा म्हणजे हा प्रसंगच येणार नाही.

आयएसओ २६००० चं सर्टिफिकेट घ्यायचंय, किती खर्च येतो?

असं सर्टिफिकेट नसतं. आयएसओ २६००० नोव्हेंबर २०१० मध्ये आलं आणि ते सामाजिक जबाबदारीबद्दलचं फक्त मार्गदर्शन आहे, त्याच्यावर प्रमाणपत्र द्यायचं नाही असं त्याच्यातच लिहिलंय. कोणी विकत असेल तर ते घेऊ नका. वाचायला मात्र चांगलं आहे, सात विषय आहेत त्यात, कारभार, मानवी हक्क, कामगार, पर्यावरण, व्यवहारातला सचोटीपणा, ग्राहक आणि आजूबाजूचा समाज. चहा पिता पिता स्वतःला सातही बाबतीत मार्क देऊन बघा.

मग एसए ८०००? ते तर मिळतं ना?

मिळतं, १९९७ पासून आहे, कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीवर आहे आणि मनापासून केलं तर उपयोगी आहे. पण भिंतीवर सर्टिफिकेट लावलं म्हणजे झालं असं समजू नका. ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीत अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली, अडीचशेहून जास्त माणसं मेली. त्या कारखान्याला जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी एसए ८००० मिळालं होतं. २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने ती आग मुद्दाम लावलेली होती असं ठरवून शिक्षा दिल्या, ते वेगळं. पण आग कशानेही लागो, खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायचे रस्ते बंद होते म्हणून माणसं आत अडकली, आणि ते गज सर्टिफिकेट देणाऱ्याला दिसायला हवे होते.

परदेशी बायर दरवर्षी ऑडिट करतो, पन्नास अटी घालतो आणि त्याच मीटिंगमध्ये रेट पाच टक्के कमी कर म्हणतो. आम्ही कुठून आणायचं?

तुमचा राग बरोबर आहे. या सगळ्या विषयातला सगळ्यात मोठा दुटप्पीपणा हाच, आणि गोड गोड सेमिनारमध्ये यावर कोणी बोलत नाही. अटी ठरवणारा वेगळा, रेट ठरवणारा वेगळा, दोघं एकाच कंपनीत पण एकमेकांशी बोलत नाहीत. डिझाइन शेवटच्या क्षणी बदलायचं, डिलिव्हरीची तारीख मात्र तीच ठेवायची, आणि मग ओव्हरटाइम का झाला म्हणून सप्लायरला मार्क कापायचे.

याचा परिणाम काय होतो तेही उघड गुपित आहे, दोन रजिस्टरं. एक ऑडिटरला दाखवायचं, त्यात सगळे आठ तास काम करून घरी जातात, आणि दुसरं खरं. कामगारांना उत्तरं पाठ करून घेतात. मी एका ठिकाणी हजेरीचं असं मस्टर पाहिलंय ज्यात तीन महिन्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बसणीत केलेल्या स्पष्ट दिसत होत्या, आणि ऑडिटरने पान उलटलं आणि पुढे गेला. त्यालाही दिवसाला दोन युनिट संपवायची होती.

करायचं काय? दुसरं रजिस्टर ठेवू नका, हा माझा सल्ला, अवघड आहे तरी. खरा आकडा दाखवा आणि सोबत बायरचे ईमेल जोडा की बघा, तुम्ही या तारखेला डिझाइन बदललं म्हणून हे ओव्हरटाइम. सगळे बायर ऐकणार नाहीत. काही ऐकतात, विशेषतः आता. जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, तेव्हापासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना सप्लायरकडे काय चाललंय याची दखल घ्यावीच लागते, तेव्हा तुमचे खरे आकडे त्यांच्याही कामाचे असतात. मात्र अशा कायद्यांचा एक वाईट परिणाम पण दिसतो, बायर सगळी जबाबदारी करारात एक कलम टाकून तुमच्यावर ढकलतो आणि मोकळा होतो. सही करायच्या आधी ते कलम वाचा आणि खर्च कोण उचलणार ते विचारा.

जिथे बायरलाही बांधून घेतलं तिथे काम झालंय. राना प्लाझानंतर मे २०१३ मध्ये बांगलादेशात जो अकॉर्ड, म्हणजे आग आणि इमारतींच्या सुरक्षेचा करार, झाला त्यावर ब्रँड आणि कामगार संघटना दोघांच्या सह्या होत्या आणि तो कायद्याने बंधनकारक होता, ब्रँडने सही करून अंग काढून घ्यायची सोय नव्हती. दुरुस्तीसाठी पैसा उभा राहील हे बघण्याचं कलमही त्यात होतं. सुमारे १,६०० कारखाने त्यात आले, कुलूप लावता येणारे सरकते गेट काढून फायर डोअर बसवले गेले, पिलर तपासले गेले. कंबोडियात तर त्याआधीच वेगळा प्रयोग झाला होता. १९९९ च्या कापड करारात अमेरिकेने सांगितलं की तुमच्या कारखान्यांतली कामाची परिस्थिती सुधारली तर तुमच्या मालाचा कोटा वाढवू, म्हणजे माल जास्त घेऊ, आणि २००१ पासून आयएलओची माणसं तपासायला लागली. म्हणजे सुधारणा केली तर ऑर्डर वाढणार. नुसती छडी नाही, समोर काहीतरी मिळण्यासारखं पण होतं. २००४ संपताना ती कोटा पद्धत गेली, तपासणीचं काम मात्र पुढे चालू राहिलं.

सांडपाण्याचं काय? ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बसवायला जेवढे लागतात तेवढी आमची वर्षाची कमाई नाही.

एकट्याने परवडतच नाही, म्हणून हे एकट्याने करायचं कामच नाही. छोटे धंदे बहुतेक झुंडीने एका ठिकाणी असतात, चामडं कमावणारे एकीकडे, कापड रंगवणारे एकीकडे, आणि सगळे एकाच नाल्यात सोडतात. एकाने प्लांट बसवला तर त्याचा रेट वाढतो, शेजारचा ऑर्डर घेऊन जातो आणि नाला तसाच राहतो. म्हणून सामायिक प्लांट, सीईटीपी, सगळ्यांनी मिळून पैसे घालून.

तो वेळेवर केला नाही तर काय होतं ते तामिळनाडूत दोनदा दिसलं. पालार नदीत टॅनरींचं, म्हणजे चामडं कमावणाऱ्या कारखान्यांचं, पाणी जात होतं, लोक कोर्टात गेले, आणि २८ ऑगस्ट १९९६ च्या वेल्लोरच्या निकालात सुप्रीम कोर्टाने प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यायची हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानलं आणि पाच जिल्ह्यांतल्या प्रत्येक टॅनरीला १०,००० रुपये दंड केला, छोटी-मोठी असा भेद नाही. दुसरं तिरुपूर, तिथे नोय्यल नदी रंगाच्या पाण्याने खराब झाली, शेतकरी वर्षानुवर्षं भांडत होते आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने शेकडो डाइंग युनिट बंद करायला लावली. मग पाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही अशी पद्धत आली, पाणी रिव्हर्स ऑस्मोसिसने गाळायचं, उरलेलं खारट पाणी आटवायचं, मीठ परत वापरायचं. चालते, पण वीज प्रचंड खाते आणि शेवटी मिश्र मिठाचा जो ढीग उरतो त्याचं काय करायचं हा प्रश्न राहतोच. आधीच थोडं थोडं केलं असतं तर असं एका दिवसात कुलूप लागलं नसतं असं मला वाटतं.

आणि नुसती जागा बदलूनही भागत नाही. ढाक्यातल्या हजारीबागच्या टॅनरी २०१७ मध्ये वीज-पाणी तोडून सावारला हलवल्या, पण तिथला सामायिक प्लांट तयारच नव्हता. घाण एका नदीतून दुसऱ्या नदीत गेली इतकंच.

प्लांट होईपर्यंत तुम्ही करू शकता ते म्हणजे कमी पाणी, कमी केमिकल. डोस अंदाजाने न टाकता मोजून टाकणं, शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या पहिल्या धुण्याला वापरणं. यात पैसे वाचतात, खर्च होत नाहीत.

बायका कामाला आहेत, त्यांच्यासाठी वेगळं काही?

वेगळा संडास, आतून लागणारी कडी, रात्री उशीर झाला तर घरी पोचवायची सोय, आणि सारख्या कामाला सारखा पीस रेट. भारतात दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, खूप छोट्या युनिटना हे माहीतच नसतं. तक्रार ऐकणारी व्यक्ती सुपरवायझर नसावी, कारण बऱ्याचदा तक्रार त्याच्याबद्दलच असते.

कामगार ठेकेदाराचे आहेत. ते आमचे कसे?

तुमच्या छपराखाली बोट तुटलं तर ते तुमचेच. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये धंदा आणि मानवी हक्क यावर जी तत्त्वं मान्य केली त्यातही हेच आहे, ज्यांच्याशी तुमचा व्यवहार आहे त्यांच्यामार्फत होणाऱ्या नुकसानाकडेही बघायचं. ठेकेदाराला दिलेले पैसे कामगाराच्या हातात किती पडतात ते महिन्यातून एकदा दोघा-तिघांना थेट विचारा. ठेकेदाराला आवडणार नाही.

आमचंच पेमेंट अडकलेलं असतं, आम्ही जबाबदारी कशी निभावणार?

खरंय, आणि म्हणूनच वेळेवर पेमेंट करणं हीच मोठ्या कंपनीची छोट्या धंद्याबद्दलची पहिली सामाजिक जबाबदारी आहे, ती झाडं नंतर लावली तरी चालतील. भारतात २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कागदावर जोरदार आहे. प्रत्यक्षात छोटा माणूस व्याज मागत नाही कारण मागितलं तर पुढची ऑर्डर जाते.

पण एक आरसा आपणही बघावा. तुमच्याकडे कागदी खोकी देणारा, टेम्पोवाला, घरी बसून बटणं लावणारी बाई, यांचं पेमेंट तुम्ही किती दिवसांत करता? आपल्याला वरून उशीर झाला की आपण खाली उशीर करतो, आणि सगळ्यात खाली जो असतो त्याला उशीर करायला पुढे कोणीच नसतं.

हे सगळं केलं तर फायदा होतो का? खरं सांगा.

काही गोष्टींत होतो, काहींत नाही. अपघात कमी झाले, माणसं टिकली, पाणी-वीज वाचली, याचा पैसा दिसतो, फक्त हिशोब ठेवला तर. नवीन माणूस शिकवायला किती दिवस जातात आणि त्या काळात किती माल खराब होतो हे मोजणारे मालक मला फार कमी भेटलेत, मोजलं तर पगार वाढवणं स्वस्त वाटेल. काही गोष्टींत फायदा दिसत नाही, ईटीपीत तर नाहीच, तिथे फक्त खर्च आहे. जो कन्सल्टंट म्हणतो की प्रत्येक चांगल्या कामातून नफा होतो त्याला विचारा की मग सगळे आधीच का करत नव्हते. किमान वेतन आणि सांडपाणी यासारख्या गोष्टी फायदा होतो म्हणून करायच्या नसतात.

वर्षाअखेरीला देणगी द्यायचीच आहे, कुठे द्यावी?

तुमच्या धंद्याला जे येतं तिथे. सुतारकाम करत असाल तर शाळेची बाकं दुरुस्त करा, गाडी असेल तर दवाखान्याच्या फेऱ्या मारा. आणि आधी विचारा त्यांना काय हवंय. एका शाळेला तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या लोकांनी वॉटर कूलर दिलेत, नळाला पाणी नाही.

आम्ही पण रिपोर्ट काढायचा का?

चाळीस पानी नको. एक कागद पुरे, नोटीस बोर्डवर, कामगारांना कळेल अशा भाषेत. या वर्षी किती अपघात झाले, पगाराला किती वेळा उशीर झाला, किती तक्रारी आल्या आणि किती मिटल्या, पाणी किती वापरलं. पहिल्या वर्षी आकडे वाईट असतील, तरी तसेच लावा. कामगार वाचतील आणि कुणीतरी येऊन सांगेल की अपघात पाच नाही सात झालेत, दोन तुम्हाला कळवलेच नव्हते.

फोटो काढायचा का?

नवीन फायर डोअरचा काढा. उघडं असताना.